रानाचें दप्तर

जुन्या कागदांची किंमत खानदेशास नव्यानें सांगावयास नको. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यास येऊन राहिले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. गांवोगांव हिंडून, कोणाच्या माळ्यावरून तर कोणाच्या बळदांतून, त्यांनीं मिळविलेले दप्तरांचे रुमाल जपण्यासाठीं त्यांच्या पश्चात् धुळ्यांत त्यांच्याच नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. एखादी सनद, एखादा महजर, हिशेबाचा एखादा बंद हातीं लागला म्हणजे दोनशें वर्षांपूर्वींचा एखादा वाद कसा उलगडतो, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक आहे. परंतु ज्या भूमीवर हे वाद झाले, तिच्या अंगावरचें रान, त्या रानांतील श्वापदें आणि पांखरें, व या सर्वांस पोसणारा पाऊस, यांचें दप्तर कोठें आहे? तें कोणी लिहिलें, कोणी जपलें, आणि त्यांत खरें किती व बनावट किती?

हा प्रश्न आतां निव्वळ हौसेचा राहिलेला नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनीं तयार केलेला आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो कीं, १९०१ ते २०१८ या अवधींत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें, आणि १९५१ ते २०१५ या काळांत पावसाळ्यांतील पर्जन्यमान सुमारें ६ टक्क्यांनीं घटलें. त्याच संस्थेंतून २०१७ सालीं बाहेर आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणें, विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग मध्य भारताच्या पट्ट्यांत १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीनें वाढले. शिरपूर या पट्ट्याच्या पश्चिम उंबरठ्यावर आहे. म्हणजे पाऊस एकंदरींत थोडा, परंतु पडेल तेव्हां बांध फोडणारा, असा हा नवा स्वभाव होय. ‘हवापालट’ हा शब्द ऐकला कीं आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांस महाबळेश्वराची आठवण होते. आतां मात्र माणूस जागच्या जागीं राहतो आणि हवाच पालटते. माणूस पंखा लावील, विहीर खोल करील. पण सागानें, मोहानें, पिंगळ्यानें काय करावें? आणि त्यांनीं आजवर काय केलें, हें आपणांस कळावें कशावरून?

शिरपूर हें अरुणावतीच्या कांठचें गांव. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा, आणि मधोमध गाळाच्या जमिनीचा पट्टा. मुंबई–आग्रा रस्ता याच तालुक्यांतून पळासनेरपर्यंत जाऊन पुढें बिजासनीच्या घाटानें सेंधव्याकडे चढतो. डोंगराच्या पायथ्याशीं पावरा व भिल्ल यांची वस्ती, आणि रान म्हणाल तर कोरडें पानगळीचें: साग, अंजन, सालई, धावडा, मोह, पळस. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्याची ऐट त्याला नाहीं. उन्हाळ्यांत तें इतकें उघडें पडतें कीं, नवख्यास तें मेलेलेंच वाटावें. परंतु पाण्याच्या तंगीशीं जुळवून घेण्याची जी विद्या या झाडांनीं मिळविली आहे, ती पाहतां हवामानाच्या इतिहासाचा अभ्यास करावयाचा तर तो येथेंच करावा, असें आम्हांस वाटतें.

या दप्तराचें सर्वांत जुनें पान कागदाचें नाहीं. तें अंड्याच्या कवचाचें आहे. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांव तालुक्यांत पाटणें म्हणून गांव आहे. तेथें एस. ए. साळी यांनीं १९७२-७३ सालीं उत्खनन केलें, तेव्हां अश्मयुगीन माणसाच्या हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी निघाले, आणि रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही सांपडला. त्यांचें वय सुमारें २५,००० वर्षें ठरलें. खानदेशांत शहामृग! ही कवचें दूरदेशाहून कोणी आणलीं असतील अशी शंका घेणारे होतेच. परंतु २०१७ सालीं राजस्थान व मध्यप्रदेश येथील जुन्या कवचांतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तीवरून आफ्रिकेंतील शहामृगाचे जवळचे आप्त या देशांत खरोखरच वावरत होते असें दिसून आलें. तो काळ जगभर थंडीचा, आणि येथें मंद मोसमी वाऱ्यांचा. शहामृग हा मोकळ्या गवताळ माळाचा प्राणी. दाट रानांत त्याची धांव निरुपयोगी. मोसमी वारे पुढें बलवान् झाले, झाडी वाढली, माणूसही वाढला, आणि शहामृग नाहींसा झाला. यांत हवेचा वांटा किती आणि शिकाऱ्याचा किती, ही वांटणी मात्र कवचावर कोरलेली नाहीं.

त्यानंतरचें पान तापीच्या कांठीं उघडतें. शहादें तालुक्यांतील सावळदें येथील मातीच्या भांड्यांनीं एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस नांव दिलें; जवळच तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशें येथें बा. के. थापर यांनीं १९५४-५५ सालीं खोदकाम करून तशाच वसाहतींचे थर उघड केले. या शेतकऱ्यांचीं महाराष्ट्रांतील बहुतेक गांवें इसवी सनापूर्वीं सुमारें हजार वर्षांच्या आगेंमागें ओस पडत गेलीं. मधुकर केशव ढवळीकर यांनीं याचें कारण वाढत्या अवर्षणांत शोधलें. हा तर्क सर्वांसच मान्य आहे असें नाहीं. तरी पाऊस हटला तर नुसतें रानच नव्हे, गांवही हलतें, ही गोष्ट त्यांनीं इतिहासाच्या चर्चेंत आणून बसविली, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे.

लेखी पुरावा त्याहून पुष्कळ अलीकडचा. अकबराच्या कारकीर्दींत अबुल फजलनें आईन-इ-अकबरी सिद्ध केली, तींत माळव्याच्या सुभ्यांत रानटी हत्ती कोठें कोठें मिळतात याची यादी आहे, आणि तींत बिजागडचें नांव येतें. बिजागड म्हणजे शिरपूरच्या डोंगरापलीकडील निमाड. ज्या सातपुड्यांत आज हत्ती म्हटला तर तो पाळींवच, तेथें चारशें वर्षांपूर्वीं हत्तींचे कळप होते! हे हत्ती पाऊस घटल्यामुळें गेले असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. बादशाही फौजेस हत्ती लागत, आणि शेत वाढलें कीं रान मागें हटे. एवढें कारण पुरेसें आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. अलीकडे जें जें नाहींसें झालें तें तें हवामानाच्या नांवें खर्ची टाकण्याची संवय लागत चालली आहे. खानदेशचा इतिहास तसें करूं देत नाहीं. १८०२ ते १८०४ च्या धामधुमींत होळकरांच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनीं हा मुलूख उजाड झाला; १८१८ सालीं इंग्रजी अंमल येऊन जॉन ब्रिग्ज कारभारावर आला, तेव्हां कित्येक गांवें ओसाड होतीं आणि पेरणीच्या जमिनींत झुडपें माजलीं होतीं. त्या रानांत वाघ मातले. पुढें भिल्ल पलटण उभारणारा औट्रॅम वाघांच्या शिकारीबद्दलही प्रसिद्ध झाला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं जें ‘अनादि अरण्य’ म्हणून पाहिलें, त्यांतील पुष्कळसें केवळ एका पिढीचें, लढाई आणि उपासमार यांतून उगवलेलें होतें; आणि पुढें तें गेलें तें बंदुकीनें, कुऱ्हाडीनें आणि कापसाच्या भावानें. मूळची स्थिति कोणती मानावयाची, हा प्रश्न सृष्टिशास्त्रज्ञांस आज छळतो. खानदेशांत त्याचें उत्तर इतिहासाशिवाय मिळावयाचें नाहीं.

पावसाची मोजदाद मात्र याच शतकांत नीट सुरू झाली. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाचे चटके बसल्यावर पावसाचें भाकीत करण्याची निकड सरकारास भासूं लागली. १८९९ चें अवर्षण तर असें कीं, संवत् १९५६ चा ‘छपन्न’ हा आंकडाच लोकांच्या तोंडीं दुष्काळाचें नांव होऊन बसला. १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर हे या खात्याचे मुख्य झाले. मूळचे गणिती, त्यांनीं जगभरच्या वायुभाराचे आंकडे ताडून पाहिले, आणि पॅसिफिक महासागराच्या पूर्वपश्चिम भागांतील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणें खालीं-वर होतो व त्याचा मोसमी पावसाशीं संबंध आहे, हें दाखवून दिलें. १८७७, १८९९, १९१८, १९७२ हीं आपल्या स्मरणांतील अवर्षणाचीं वर्षें त्या दूरच्या समुद्राच्या तापण्याशीं जुळतात. तापीकांठच्या ज्वारीचें दैव पेरू देशाच्या किनाऱ्याशीं बांधलेलें असावें, हें आमच्या पंचांगकर्त्यांच्या स्वप्नांतही आलें नसेल!

आणि वेधशाळा नव्हती तेथें झाडानें हिशेब ठेवला आहे. सागाच्या खोडांत दरसाल एक वलय पडतें. सुकाळीं रुंद, दुष्काळीं अरुंद. पंत व बोरगांवकर यांनीं ठाणें भागांतील सागाच्या वलयांचा हवामानाशीं संबंध १९८३ सालीं प्रसिद्ध केला. झाडाची रोजनिशी ती हीच.

आतां या दप्तरांतील सर्वांत मनोरंजक प्रकरणाकडे वळूं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव १८८५ च्या राष्ट्रीय सभेमुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते हिंदुस्थानांतील पक्षिविद्येचेही आद्य संघटक होते, आणि त्यांनीं चालविलेल्या नियतकालिकास ठिकठिकाणचे अंमलदार आपल्या भागांतील पक्ष्यांच्या याद्या पाठवीत. एफ. आर. ब्लेविट नांवाच्या अशाच एका पत्रलेखकानें १८७२ सालीं मध्य हिंदुस्थानच्या पूर्वभागांतून एक लहानसें घुबड मारून पाठविलें, आणि १८७३ सालीं ह्यूम यांनीं ब्लेविटचें नांव देऊन तें नव्या जातीचें म्हणून जाहीर केलें. तोच आपला रानपिंगळा. नेहमींच्या पिंगळ्याहून तो ठसठशीत. चोंच व पाय बळकट, डोक्यावरचे ठिपके जवळजवळ नाहींतच, आणि विशेष हा कीं, दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसून तो सरडे-पालींची शिकार करतो. पिंगळ्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगणारे आपल्याकडे पहांटे दारीं येत; पण या पिंगळ्याचें स्वतःचें भविष्य सांगणारा कोणी निघाला नाहीं.

मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतील जेम्स डेव्हिडसन हे त्या सुमारास पश्चिम खानदेशांत होते. त्यांनीं या भागांतील पक्ष्यांची यादी १८८२ सालीं ह्यूम यांच्या नियतकालिकांत छापली, आणि शहादें-तळोद्याच्या बाजूस रानपिंगळ्याचे नमुने मिळविले. शिरपूरच्या पश्चिमेस, तापीच्या त्याच उत्तर तीरावर, शहादें आहे. डेव्हिडसन कांहीं जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ नव्हते. कचेरी आटोपून, दौऱ्यावर असतां, जें दिसलें तें कोठें व केव्हां दिसलें एवढें त्यांनीं लिहिलें. पण हें ‘कोठें व केव्हां’च पुढें सोन्याच्या मोलाचें ठरलें. ह्यूम यांचें नशीब उलट. पंचवीस वर्षें खपून लिहिलेलीं त्यांचीं हस्तलिखितें घरच्या एका नोकरानें बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकलीं! आपल्याकडे मोडी दप्तरांची वाण्याच्या पुड्यांत जी गति झाली, तीच सिमल्यास साहेबाच्या दप्तराची झाली. खचून जाऊन ह्यूम यांनीं आपला संग्रह, सुमारें ८२,००० नमुन्यांचा, लंडनच्या संग्रहालयास देऊन टाकला.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणास दिसला नाहीं. जगांतल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून त्याचे सात अस्सल नमुने. परंतु एक आठवाही होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकानें तो १९१४ सालीं गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें मिळाल्याची चिठ्ठी लावून ठेविली होती. या चिठ्ठीमुळें पक्षी १९१४ पर्यंत तरी होता आणि गुजराथेंत होता, असा समज रूढ झाला. पुढें सलीम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनींही त्याचा माग काढण्याचा यत्न केला. परंतु तो व्यर्थ गेला, आणि पक्षी नामशेष झाला असेंच बहुतेकांनीं मनाशीं धरलें.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनीं प्रथम त्या चिठ्ठीवरच संशय घेतला. नमुन्याची क्ष-किरणांनीं तपासणी झाली, त्याच्या पोटांतील कापूस आणि शिवण यांची तुलना झाली. आणि उघड झालें तें असें कीं, हा नमुना डेव्हिडसनचाच. तो संग्रहालयांतून चोरून, उसवून, पुन्हां भरून, वर खोटा गांव व खोटी तारीख यांची चिठ्ठी चिकटविलेली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं १९९९ सालीं हा बनाव सविस्तर प्रसिद्ध केला. बनावट सनद ओळखतांना शाई, कागद, शिक्का आणि हस्ताक्षर जसें पाहतात, तसेंच हें झालें. राजवाड्यांना हा खटला फार आवडला असता.

खोटें पान काढून टाकल्यावर खरीं पानें आपोआप बोलूं लागलीं. मांडवी सोडून द्या, जुन्या सात नमुन्यांच्या जागीं जा, असा त्यांचा सांगावा होता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे प्रथम पूर्वेकडील जुन्या ठिकाणीं हिंडले; तेथें कांहीं हातीं न लागतां ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळच्या उन्हांत, पर्णहीन फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनीं! तेव्हां तो भाग धुळें जिल्ह्यांतच होता. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फें फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं तोरणमाळ व इतर रानांत त्याचा पद्धतशीर शोध केला. मेळघाट, यावल, खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूंसही तो आढळला. जागतिक यादींत ‘अतिसंकटग्रस्त’ गणला गेलेला हा पक्षी २०१८ सालीं एक पायरी सुधारून ‘संकटग्रस्त’ वर्गांत आला. संख्या एकाएकीं वाढली असें नव्हे, शोधणारे वाढले.

या सर्व हकीगतीचा हवामानाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत जोसेफ ग्रिनेल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं योसेमिटीच्या डोंगरांत कोणता लहान प्राणी किती उंचीवर राहतो याच्या बारीक नोंदी ठेविल्या, आणि या नोंदींचें मोल कदाचित् शंभर वर्षांनीं कळेल असें तेव्हांच म्हणून ठेविलें. २००३ पासून त्यांच्या वारसांनीं त्याच जागीं पुन्हां सापळे लावले. रात्रीचें तपमान दरम्यान सुमारें ३ अंशांनीं चढलें होतें, आणि पाहिलेल्या जातींपैकीं निम्म्या सरासरीनें सुमारें ५०० मीटर वर सरकल्या होत्या. पहिली वही नसती तर दुसरीचा कांहीं अर्थच झाला नसता. योसेमिटीच्या प्राण्यांस वर जावयास हिमशिखरें आहेत. सातपुड्याच्या प्राण्यास? तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेअकराशें मीटर; त्यापुढें आकाश.

आपल्याकडे असें काम करावयाचें तर डेव्हिडसनची १८८२ ची यादी, आणि जेम्स कॅम्पबेल यांनीं संपादिलेल्या १८८० च्या खानदेश गॅझेटियरांतील झाडांचीं व श्वापदांचीं प्रकरणें, हाच पाया होय. पाया अपुरा आहे. त्यांत पक्षी आहे, पण मोहाचें पहिलें फूल कोणत्या तिथीस गळालें हें नाहीं. अंजनाचें नांव आहे, पण त्याला भरघोस बीं कोणत्या सालीं आलें हें नाहीं. अंजन हा कांहीं वर्षांच्या अंतरानेंच भरपूर बीं धरतो. त्याच्या रोपाचें मूळ प्रथम खोल जातें आणि शेंडा मागाहून वाढतो. बियांचें वर्ष आणि चांगल्या पावसाचें वर्ष जुळलें तरच नवी पिढी उभी राहते. पाऊस चार मुसळधार दिवसांत आटोपूं लागला तर ही सांगड निसटावयाची. मोहाचें तसेंच. त्याचीं फुलें फाल्गुन-चैत्रांत पहांटे झाडाखालीं पडतात, आणि पावरा-भिल्ल कुटुंबें तीं वेंचून सुकवितात. घरांतील धान्य सरत आलेलें असतां तोच त्यांचा आधार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्रांत दूरवर गारपीट झाली, तेव्हां गव्हाची व द्राक्षांची हानि वर्तमानपत्रांनीं रकाने भरभरून छापली. मोहाच्या फुलांचा पंचनामा करण्याची चाल आपल्याकडे नाहीं.

शिरपुरास पाण्याची मात्र वही ठेवली गेली. भूजल खात्यांतून निवृत्त झालेले भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनीं २००४ पासून तालुक्यांतील नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका घातली. कोसळून वाहून जाणारा पाऊस जमिनींत मुरवावा, हा हेतु. ‘शिरपूर पॅटर्न’ या नांवानें तो प्रयोग गाजला. तज्ज्ञांत त्याविषयीं मतभेद आहेत. विहिरींस पाणी आलें हें एक अंग, आणि नाल्याचा कांठच खणून काढल्यावर त्या कांठच्या करंज-उंबरांचें व त्यांवरील पांखरांचें काय झालें, हें दुसरें. पहिल्याची मोजणी झाली; दुसऱ्याची झाली असती तर आम्हांस अधिक आनंद वाटला असता. याच तालुक्यांत अनेर धरणाचें अभयारण्य आहे, पलीकडे यावलचें; दोन्ही ठिकाणीं शाळा-महाविद्यालयांतील मुलांना वर्षभर पुरेल इतकें काम पडलेलें आहे. पळस केव्हां फुलला, साग केव्हां उघडा झाला, पहिला पावशा कोणत्या दिवशीं ओरडला, एवढेंच लिहावयाचें. जपानांत क्योटोच्या चेरीच्या बहराच्या अशा नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, आणि त्या दरबारी मंडळींनीं मेजवान्यांच्या निमित्तानें लिहिलेल्या आहेत. तेव्हां या कामास फार मोठें पांडित्य लागतें असें कोणी म्हणूं नये.

२०१४ सालीं रानपिंगळ्यानें आणखी एक कोडें घातलें. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोंवतालच्या रानांत, म्हणजे सातपुड्यापासून दूर दक्षिणेस, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, तो आढळला. तो तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होता आणि कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, कीं मूळचीं रानें तुटत-तापत गेलीं तसा नव्या मुलखांत उतरला? पहिलें खरें असेल तर आपलें दप्तर अपुरें; दुसरें खरें असेल तर पक्ष्यानें हवेचा कौल आपल्या आधीं ओळखला. निवाडा देण्यास तानशाची १८८२ ची यादी पाहिजे. आणि डेव्हिडसनची नेमणूक खानदेशांत होती, ठाण्यास नव्हती.